पुरुषांची गोळी कुठे अडकली?

आजचा भाग लोकलमध्ये किंवा पीएमटीत ऐकत असाल तर बिनधास्त ऐका, पण स्पीकरवर मात्र नको. शेजारचे काका उगाच दचकतील. आज आपण गर्भनिरोधकांवर बोलणार आहोत. त्यातही जास्त करून अशा गर्भनिरोधकांवर, जी अजून दुकानात मिळतच नाहीत, ज्यांच्यावर कुठल्यातरी लॅबमध्ये काम चालू आहे.

एका आकड्यापासून सुरुवात करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे आपण ज्याला एनएफएचएस म्हणतो, त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांना विचारलं की तुम्ही संततिनियमनाचं कोणतं साधन वापरता. ३७.९ टक्के जणींनी सांगितलं की आमचं ऑपरेशन झालंय. आणि नवऱ्याचं ऑपरेशन झालंय असं किती जणींनी सांगितलं? ०.३ टक्के. तीन टक्के नाही, शून्य पूर्णांक तीन. कंडोम साडेनऊ टक्के, गोळ्या पाच टक्क्यांच्या आसपास.

आता गंमत बघा. पुरुषाचं ऑपरेशन सोपं आहे. पोट उघडायचं नाही, स्थानिक भूल पुरते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. आपल्याकडे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर 'बिनटाक्याची शस्त्रक्रिया' असं रंगवलेलं तुम्ही बघितलं असेल. स्त्रीचं ऑपरेशन त्या मानाने मोठं. तरीही आकडे असे उलटे. याचं एक कारण सगळ्यांना माहीत आहे. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, त्यातल्या कित्येकांची जबरदस्तीने. ती भीती घराघरात मुरली. आजोबांनी बाबांना सांगितलं, बाबांनी काहीच सांगितलं नाही, आणि आपल्यापर्यंत 'नसबंदी म्हणजे मर्दानगी गेली' एवढंच येऊन पोचलं.

पण मला आज समाजापेक्षा दुसऱ्या कारणावर बोलायचंय. समजा उद्या एखाद्या पुरुषाला मनापासून वाटलं की ही जबाबदारी मी घेतो. त्याच्यापुढे पर्याय किती? कंडोम आणि नसबंदी. एक दर वेळचं, एक जवळजवळ कायमचं. मधलं काहीच नाही. बायकांकडे गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, कॉपर-टी आहे, हार्मोनची कॉइल आहे, हाताच्या त्वचेखाली बसवायचं इम्प्लांट आहे. पहिली गोळी अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून १९६० मध्ये मान्य झाली. त्यानंतर माणूस चंद्रावर जाऊन आला, आपल्या खिशात सुपरकॉम्प्युटर आला. पुरुषांची गोळी मात्र 'लवकरच येतेय'. माझ्या जन्माआधीपासून लवकरच येतेय!

मी काही डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. हा विषय डोक्यात बसला त्याचं कारण घरचं आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. बायकोला मायग्रेन आहे, तोही डोळ्यांसमोर झगमग दिसणाऱ्या प्रकारचा. अशा मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे कळलं. पहिल्या ठिकाणी गोळ्या लिहूनही दिल्या होत्या, मायग्रेनबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. आणि दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. मी शेजारच्या खुर्चीत बसलेलो, पण अर्ध्या तासात मला एकही प्रश्न नाही. मी नुसता फाइल धरायला. हे सगळं तिला विचारूनच सांगतोय बरं का, ती आत्ता समोर बसून ऐकतेय.

तर घरी येऊन मी वाचायला बसलो की पुरुषांसाठी अजून काहीच का नाही.

पहिलं उत्तर जीवशास्त्राचं आहे. स्त्रीच्या शरीरात महिन्याला साधारण एक बीज तयार होऊन बाहेर पडतं. त्यातही निसर्गाने स्वतःच एक थांबा ठेवलेला आहे. गरोदरपणात बीज सुटायचं थांबतं. गोळीतली हार्मोन्स शरीराला तसाच काहीसा संदेश देतात, म्हणजे असलेलंच बटण दाबायचं. पुरुषाच्या शरीरात असं बटण नाही. तिथे कारखाना चोवीस तास, तिन्ही पाळ्यांत चालतो. दर सेकंदाला हजाराच्या वर शुक्रजंतू तयार होतात. एका वेळच्या वीर्यात काही कोटी असतात. समजा २० कोटी आहेत आणि तुमच्या औषधाने ९९ टक्के संपवले. उरले किती? २० लाख. आणि गर्भ राहायला एक पुरतो. आमच्या धंद्यात सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू असला तर साहेब ओरडतो. इथे तर ९९ टक्क्यांत नापासच.

त्यात एक शुक्रजंतू पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज कारखाना बंद केलात तरी आतला जुना माल संपायला वेळ जाणार, आणि परत सुरू केलात तरी नवा माल यायला तितकाच वेळ.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? आधी हार्मोनचाच रस्ता धरला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. ती वृषणांना सांगते, टेस्टोस्टेरॉन बनवा, शुक्रजंतू बनवा. बाहेरून हार्मोन दिलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो हुकूम पाठवणं बंद करतो. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, ते खाली येतं आणि शुक्रजंतू कमी होतात. जाता जाता जिमवाल्या मित्रांना एक सांगतो. ट्रेनरच्या ओळखीने जे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेता ना, ते नेमकं हेच करतं. दंड फुगतात आणि तिकडे शुक्रजंतूंची संख्या पडते. मूल हवं असेल तेव्हा हे कळतं. आणि उलट, गर्भनिरोधक म्हणून त्यावर भरवसाही ठेवता येत नाही. दोन्हीकडून तोटा.

या रस्त्यावरची सगळ्यात गाजलेली ट्रायल जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झाली. वेगवेगळ्या देशांतले ३२० पुरुष, दर आठ आठवड्यांनी दोन इंजेक्शनं. निकाल २०१६ मध्ये छापून आले. इंजेक्शनावरच भिस्त ठेवलेल्या जोडप्यांमध्ये सगळ्या काळात फक्त चार गर्भधारणा झाल्या. म्हणजे परिणाम जवळजवळ गोळीइतकाच. पण ट्रायल २०११ मध्येच वेळेआधी थांबवली गेली होती. मुरमं, इंजेक्शनच्या जागी दुखणं, मूड जाणं, नैराश्य, कामेच्छेत बदल अशा तक्रारी होत्या.

तेव्हा इंटरनेटवर काय मीम्स फिरले आठवतंय? 'बायका पन्नास वर्षं हेच सहन करतायत आणि पुरुष लगेच रडले.' मलाही तेव्हा हसू आलं होतं. पण पेपर वाचला तर गोष्ट वेगळी निघते. ट्रायल पुरुषांनी थांबवली नाही. सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या बाहेरच्या समितीने थांबवली. बऱ्याचशा तक्रारी एकाच केंद्रावरून आल्या होत्या, तेही एक कोडंच आहे. आणि भाग घेतलेल्या पुरुषांना विचारलं की हे बाजारात आलं तर वापराल का, तर पाऊणपेक्षा जास्त जण हो म्हणाले. म्हणजे रडणारे पुरुष वगैरे काही नव्हते.

समितीने तरी का थांबवली? इथे एक नैतिक गणित आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ या गणितातच आहे. गर्भनिरोधक हे निरोगी माणसाला द्यायचं औषध आहे. कॅन्सरच्या औषधाने केस गेले तर चालतं, कारण समोर मरण असतं. निरोगी माणसाच्या औषधाला तेवढी सूट नाही. स्त्रीच्या बाबतीत तुलना करायला गरोदरपण आहे, आणि गरोदरपणाचे स्वतःचे धोके आहेत. रक्तदाब, रक्तस्राव, जीवही जाऊ शकतो. गोळीचा धोका त्याहून कमी असला की तराजू गोळीकडे झुकतो. पुरुषाच्या बाबतीत त्या पारड्यात काय ठेवणार? त्याच्या शरीराला गरोदरपणाचा धोका शून्य. मग औषधाचा धोकाही शून्याच्या जवळ हवा. नियम म्हणून हे बरोबर वाटतं. पण त्या तराजूत दोन माणसं एकत्र बसवलेलीच नाहीत. माझ्या बायकोचा पक्षाघाताचा धोका माझ्या पारड्यात का मोजायचा नाही? पुरुषाने थोडा त्रास घेऊन जोडीदाराचा मोठा धोका टाळला, तर तो फायदा कुठल्या रकान्यात लिहायचा? हल्ली काही संशोधक हीच मांडणी करायला लागलेत, की धोका जोडप्याचा म्हणून एकत्र मोजा. मला ते पटतं.

आणि पहिल्या गोळीला हा कडक नियम लागला असता का, तेही बघा. तिच्या मोठ्या चाचण्या १९५६ पासून प्वेर्तो रिकोमधल्या गरीब वस्तीतल्या बायकांवर झाल्या. आपण एका प्रयोगाचा भाग आहोत हे त्यांना नीट सांगितलेलंही नव्हतं. डोस आजच्या गोळीच्या कितीतरी पट. मळमळ, चक्कर, डोकेदुखी अशा तक्रारी तिथल्या डॉक्टर बाईंनी कळवल्या, त्या फारशा मनावर घेतल्या गेल्या नाहीत. म्हणजे बायकांची गोळी लवकर आली त्यात विज्ञान सोपं होतं हा एक भाग, आणि बायकांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही हा दुसरा.

हार्मोनवाल्या रस्त्यावर सध्या सगळ्यात पुढे आहे एक जेल. खांद्यांवर रोज चोळायचं. त्यात नेस्टोरॉन नावाचं हार्मोन मेंदूचा हुकूम थांबवतं, आणि सोबतचं टेस्टोस्टेरॉन बाकी शरीराचं काम चालू ठेवतं. जेलच का? तर टेस्टोस्टेरॉन तोंडाने घेतलं की यकृत ते पटकन मोडून टाकतं, म्हणून त्वचेतून द्यायचं. २०२४ मध्ये २२२ पुरुषांचे आकडे मांडले गेले. १५ आठवड्यांपर्यंत ८६ टक्के पुरुषांची संख्या ठरवलेल्या मर्यादेच्या खाली आली होती. बरं चाललंय.

आता बिनहार्मोनचा रस्ता. हा मला जास्त आवडतो, कारण यात गोष्टी भन्नाट आहेत.

पहिली गोष्ट चीनची, पण विदर्भ-खानदेशातल्या श्रोत्यांनी कान द्या, कारण ती सरकीची आहे. चीनमधल्या काही खेड्यांत लोक स्वयंपाकाला सरकीचं कच्चं, न शुद्ध केलेलं तेल वापरत होते आणि तिथे मुलंच होईनात. शोध घेतल्यावर सापडलं गॉसिपॉल, सरकीतला एक पिवळसर पदार्थ. १९७० च्या दशकात चीनने आठ हजारांवर पुरुषांना याच्या गोळ्या देऊन बघितल्या. काम झक्कास! पण काही जणांच्या रक्तातलं पोटॅशियम इतकं घसरलं की अंगातली ताकद गेली, आणि काही जणांचे शुक्रजंतू औषध थांबवल्यावरही परत आलेच नाहीत. १९८६ च्या सुमारास तो रस्ता सोडून दिला. घाबरू नका, आपल्या किराणा दुकानातलं सरकीचं तेल शुद्ध केलेलं असतं, त्यात गॉसिपॉल काढून टाकलेलं असतं. आणि गाई-म्हशींना सरकी-पेंड चालते, कारण त्यांच्या पोटात त्याचा बंदोबस्त होतो.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या तुरुंगाची. १९५० च्या दशकाच्या शेवटी विन १८,४४६ नावाचं एक संयुग ओरेगॉनच्या तुरुंगातल्या कैद्यांवर वापरलं गेलं. शुक्रजंतू छान कमी झाले, थांबवल्यावर परत आले, साइड इफेक्ट दिसेनात. वाटलं, सापडलं! मग तुरुंगाबाहेरच्या पुरुषांना दिलं आणि ते उलट्या करत, धडधडत्या छातीने परत आले. कारण? दारू. तुरुंगात दारू मिळत नव्हती म्हणून कोणाला कळलंच नाही. टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट आणि प्रॉडक्शन वेगळं असलं की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला आमच्या क्षेत्रातही सापडलेलं नाही.

पण असं का झालं हे नंतर कळलं, आणि ते कामाचं निघालं. शुक्रजंतू बनायला व्हिटॅमिन ए पासून तयार होणारं रेटिनोइक अ‍ॅसिड लागतं. ते बनवणारं एन्झाइम हे औषध अडवत होतं. आणि त्याच एन्झाइमचा भाऊबंद यकृतात दारूचा निचरा करतो, तोही अडवला जात होता. मग मिनेसोटा विद्यापीठात गुंडा जॉर्ज यांच्या गटाने विचार केला की एन्झाइम सोडा, पुढची पायरी धरा. रेटिनोइक अ‍ॅसिड ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, त्याच्या तीन भावंडांपैकी फक्त अल्फाला बंद करा. त्यातून आलं वायसीटी-५२९. उंदरांमध्ये ते ९९ टक्के परिणामकारक ठरलं, आणि थांबवल्यावर चारेक ते सहा आठवड्यांत उंदीर परत बाप व्हायला तयार. माणसांमधली पहिली सुरक्षा चाचणी ब्रिटनमध्ये १६ पुरुषांवर झाली, २०२५ मध्ये निकाल आला, काही गंभीर दिसलं नाही. अर्थात सोळाच माणसं, आणि तीही थोड्याच डोसांची. गर्भधारणा टळते का हा प्रश्न अजून विचारलेलाच नाही.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यात लाडकी. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये योखेन बुक आणि लॉनी लेव्हिन हे दोघे सॉल्युबल अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाच्या एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम करतायत. नाव विसरा, आपण त्याला स्टार्टर म्हणू. शुक्रजंतू शरीरात साठवलेले असतात तेव्हा शांत पडून असतात. वीर्यात बाहेर पडले की तिथल्या बायकार्बोनेटने हा स्टार्टर चालू होतो आणि शेपटी हलायला लागते. त्यांच्या लॅबमधली मेलनी बालबाख हे एन्झाइम अडवणारी औषधं तपासत होती, तेही डोळ्याच्या एका विकारासाठी. तिच्या लक्षात आलं की औषध दिलेल्या उंदरांचे शुक्रजंतू जागचे हलतच नाहीत!

त्यातून २०२३ मध्ये निबंध आला. टीडीआय-११८६१ नावाच्या औषधाचा एक डोस दिला की उंदराचे शुक्रजंतू अडीच तासांपर्यंत ठप्प. ५२ वेळा जोडी लावली, एकदाही गर्भ राहिला नाही. खोटं औषध दिलेल्या गटात जवळजवळ एक तृतीयांश वेळा राहिला. तीन तासांनी काही शुक्रजंतू हलायला लागले आणि २४ तासांत सगळं पूर्ववत. म्हणजे बघा, कारखाना बंद करायचाच नाही. माल तयार होऊ दे, फक्त गाडी सुरू होऊ द्यायची नाही. अडीच महिन्यांचा प्रश्नच मिटला. लागेल तेव्हा गोळी घ्यायची, दुसऱ्या दिवशी तुम्ही मोकळे.

हे माणसात चालेल का? एक आशेचा धागा आहे. हा स्टार्टर जन्मतःच बिघडलेले दोन पुरुष डॉक्टरांना सापडले होते. दोघांनाही मूल होत नव्हतं, आणि बाकी त्रास म्हणाल तर मुतखडे. निसर्गाने आपणहून करून ठेवलेला प्रयोगच. पण हे अजून उंदरांचं विज्ञान आहे हे विसरू नका. पेपरात 'पुरुषांची गोळी आली' अशी बातमी दिसली की आधी बघायचं, उंदीर की माणूस.

आता आपल्याकडे येऊ. कारण या सगळ्या शर्यतीत जगात सगळ्यात लांब पोचलेलं एक काम भारतातलं आहे आणि आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. रिसग. आयआयटी खरगपूरचे सुजॉय गुहा. माणूस मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनीअर, नंतर डॉक्टरकीही शिकला. सुरुवातीला त्यांना पाण्याच्या पाइपला आतून असा लेप द्यायचा होता की वाहत्या पाण्यातले जंतू लेपाला लागूनच मरतील. मग डोक्यात आलं, पाइप तर शरीरातही असतो! १९७९ मध्ये त्यांचा पहिला निबंध छापून आला.

पद्धत अशी. स्टायरीन मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड नावाचं पॉलिमर डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवायचं आणि शुक्रवाहिनीत इंजेक्शनने सोडायचं. कापाकापी नाही, नळी तोडायची नाही. ६० मिलिग्रॅम पॉलिमर, दोनेक थेंब द्रव. ते आतल्या भिंतीला धरून बसतं. त्यावर धन आणि ऋण विद्युतभारांची नक्षी असते. शेजारून जाणाऱ्या शुक्रजंतूचं बाहेरचं आवरण त्या भारांमुळे फाटतं आणि तो बीज फळवण्याच्या लायकीचा राहत नाही. इलेक्ट्रिकल इंजिनीअरलाच सुचणार हे.

तिसऱ्या टप्प्याची ट्रायल आयसीएमआरने दिल्ली, जयपूर, लुधियाना, उधमपूर आणि खरगपूर अशा पाच ठिकाणी केली. २५ ते ४० वयाचे ३०३ विवाहित पुरुष, एकच इंजेक्शन, सात वर्षं पाठपुरावा. त्यांच्या बायकांच्या तब्येतीवरही लक्ष ठेवलं होतं. २०२३ मध्ये निकाल छापून आला. वीर्यात शुक्रजंतू नसणं ९७.३ टक्के, गर्भधारणा टाळणं ९९.०२ टक्के, गंभीर साइड इफेक्ट नाही. १९७९ ते २०२३, चव्वेचाळीस वर्षं! मधे २००२ मध्ये सुरक्षेच्या शंकांवरून ट्रायल थांबलीसुद्धा होती. गुहांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. औषधाच्या दुकानात मात्र अजून काही नाही.

इतका उशीर का, हा प्रश्न मला छळतो. माझा अंदाज सांगतो. एकदाच घ्यायचं, स्वस्त, वर्षानुवर्षं टिकणारं इंजेक्शन कुठल्या कंपनीला परवडेल? दर महिन्याला विकली जाणारी गोळी हा धंदा आहे. आयुष्यात एकदा विकलं जाणारं इंजेक्शन हा धंदा नाही. मग पैसा सरकारने किंवा देणगीदारांनी घालायचा. अमेरिकेत याच कल्पनेवर व्हॅसलजेल नावाचं औषध एका ना-नफा संस्थेने पुढे नेलं. २०१७ मध्ये १६ माकडांवरचा निकाल चांगला आला होता.

आणि एक तांत्रिक गाठ आहे, तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी. रिसगच्या नावातच 'रिव्हर्सिबल' आहे, म्हणजे उलटवता येणारं. प्राण्यांमध्ये दुसरं इंजेक्शन देऊन ते पॉलिमर धुऊन काढलंय आणि त्यांना पिल्लंही झालीत. माणसात मात्र हे अजून सिद्ध करून दाखवलेलं नाही. या ट्रायलमध्ये ते तपासलंच नव्हतं. आमच्याकडे रोलबॅक तपासल्याशिवाय रिलीज करत नाहीत. इथेही, ज्याला पुढे मूल हवंय त्या पंचविशीच्या पोराला मी आज 'जा, घे' म्हणणार नाही. ज्याची दोन मुलं झालीत आणि पुरे वाटतंय, त्याच्यासाठी गोष्ट वेगळी.

भारतात लॅबपासून गावापर्यंत पोचलेलं एक काम मात्र आहे, बायकांच्या बाजूचं. लखनौच्या सीडीआरआयमध्ये नित्या आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंटक्रोमान बनवलं. ही हार्मोन नसलेली गोळी आहे. १९९१ मध्ये 'सहेली' नावाने बाजारात आली. शरीरात ती बरेच दिवस टिकते, म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची. २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात 'छाया' म्हणून मोफत मिळते, आशाताईंकडेही असते. नित्या आनंद २०२४ च्या जानेवारीत गेले, वय ९९. किती जणांनी बातमी वाचली? इस्ट्रोजेन चालत नाही अशा बाईने डॉक्टरांना 'छाया चालेल का' एवढं विचारून बघायला हरकत नाही. आम्हाला तरी हे नाव वाचूनच कळलं, कोणी आपणहून सांगितलं नाही.

मुंबईकरांनो, परळला आयसीएमआरचीच प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. केईएमला जाताना तिच्या आसपासून कितीदा गेला असाल. आणि मुंबईचं या विषयाशी नातं त्याहूनही जुनं. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी इथेच संततिनियमन केंद्र काढलं. गणिताचा प्राध्यापक, या कामापायी नोकरी गेली. मग १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं, कोर्टात खटले झेलले. 'ध्यासपर्व' सिनेमा बघितला नसेल तर बघा.

आता तुमचे प्रश्न. मागच्या आठवड्यात विषय सांगितल्यावर बरेच मेसेज आले, त्यातले तीन घेतो.

एक, 'यातलं काही पुढच्या वर्षी मिळेल का?' नाही. जेलला अजून मोठी ट्रायल करायचीय, वायसीटीला त्याहून बरंच चालायचंय, स्टार्टरवाली गोळी माणसात जायचीय. थांबून राहू नका. कंडोम आजही एकमेव साधन आहे जे गर्भ आणि लैंगिक आजार दोन्हीपासून वाचवतं.

दोन, एका ताईंनी विचारलंय, 'पुरुष रोज गोळी घेतात यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?' प्रश्न रास्त आहे. गर्भ राहिला तर पोट तुमचं असतं. माझं म्हणणं एवढंच, की लग्नाच्या किंवा पक्क्या नात्यात जे विचारणार नाहीत ते आजही कंडोम वापरत नसतील. आणि दोघांनीही आपापलं साधन वापरलं तर कोणी अडवलंय?

तीन, पस्तिशीचे एक श्रोते आहेत, दोन मुलं, बायकोचं ऑपरेशन ठरलंय, त्याऐवजी आपण करावं का असं मनात आहे. दादा, यावर डॉक्टरांशी बोलाच. टेस्टोस्टेरॉन रक्तातून जातं, शुक्रवाहिनीतून नाही, त्यामुळे ताकद, दाढी, इच्छा सगळं तसंच राहतं. फक्त एक लक्षात ठेवा. नसबंदीनंतर लगेच मोकळे होत नाही, नळीत जुना साठा असतो. तीन महिने कंडोम वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून शुक्रजंतू नाहीत हे कागदावर बघायचं. ही तपासणी खूप जण टाळतात. तुम्ही टाळू नका. आणि काय ठरलं ते कळवा, नाव वाचणार नाही.

पुढच्या भागात पीसीओएस. मलेरियाच्या औषधाच्या घराण्यातलं एक औषध शांघायमध्ये पीसीओएस असलेल्या १९ जणींना बारा आठवडे दिलं आणि त्यातल्या १२ जणींची पाळी नियमित झाली, ती भानगड काय आहे ते बघू. तोवर काळजी घ्या, भेटू.